मोटारीपासून पंख्यापर्यंत : नौका-प्रतिकृतीच्या शाफ्टची जुळणी

रायपूर हे तलावांचे शहर आहे. आज विवेकानंद सरोवर म्हणून ओळखला जाणारा बुढातालाब, तेलीबांधा, दूधाधारी मठाजवळचा महाराजबंध, कंकाली तालाब अशी नावे येथील मराठी कुटुंबांनाही पिढ्यान्‌पिढ्या परिचयाची आहेत. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून आणि पुढे रेल्वेच्या निमित्ताने ही कुटुंबे या मुलखात स्थिरावली. पाणी असे भरपूर. समुद्र मात्र दूर. सर्वांत सोयीचे मोठे बंदर विशाखापट्टणम्, आणि तेही रेल्वेने पाचशे किलोमीटरांच्या पुढे. तरीही नौकांच्या चालत्या प्रतिकृती बनविण्याची विद्या येथे परकी नाही. राष्ट्रीय छात्रसेनेची नौदल शाखा १९५२ साली सुरू झाली, आणि तिच्या अखिल भारतीय नौसैनिक शिबिरात प्रतिकृती बनविण्याची स्पर्धा असते. तीत किनारा नसलेल्या राज्यांचे छात्रही उतरतात. मध्य प्रदेश आणि छत्तीसगढ यांचे संचालनालय एकच असून त्याच्या क्षेत्रात समुद्राचा एक थेंबही नाही.

अशा छात्राची अडचण समजून घेण्यासारखी आहे. लाकूड घासणे, लांबी घालून खाचा भरणे, रंगाचे थर देणे, कठड्याच्या तारा बसविणे या कामांत त्याचे महिने जातात, आणि ही सारी कामे डोळ्यांना दिसतात. त्यांतील चूक दिसते, सुधारता येते. परंतु चालती प्रतिकृती पाण्यावर सोडल्यानंतर तिचे भवितव्य ज्या भागावर ठरते तो भाग तिच्या पोटात, पिछाडीकडच्या अंधाऱ्या जागेत असतो. मोटार, कपलिंग, नळी, तिच्यातून जाणारा शाफ्ट आणि बाहेरच्या टोकाला पंखा. इंग्रजीत ज्याला प्रोपेलर म्हणतात त्याला कोकणातील मच्छीमार नुसते ‘पंखा’ म्हणतात. तोच शब्द येथे वापरला आहे. ही पाच अंगे एका रेषेत नसतील तर उत्तम रंगविलेली नौका किनाऱ्यापासून दहा हातांवर घरघर करीत थांबते, किंवा हळूहळू पिछाडीने बसू लागते.

जत्रेत मिळणारी पत्र्याची फटफट बोट पुष्कळांनी लहानपणी घंगाळात चालविली असेल. तिच्या पोटात वातीवर तापणारी लहानशी डबी असते. वाफेच्या दाबाने नळ्यांतील पाणी मागे फेकले जाते, पुन्हा आत ओढले जाते, आणि बोट फटफटत पुढे जाते. यंत्र म्हणून ते फार दुबळे, पण त्याचा एक गुण मोठा : तिच्यात फिरणारा भाग एकही नाही. पंखा लावायचे ठरविताच हा निश्चिंतपणा संपतो. नौकेला पाण्याच्या पातळीखाली भोक पाडावे लागते, आणि त्या भोकातून फिरता दांडा बाहेर काढावा लागतो. दांडा सैल फिरला पाहिजे आणि पाणी तर आत येता कामा नये, अशा या दोन परस्परविरोधी मागण्या आहेत. शाफ्टच्या जुळणीतील जवळजवळ प्रत्येक प्रश्न या विरोधातून निघतो.

मोठ्या जहाजांनाही याच प्रश्नातून जावे लागले; विशेष म्हणजे त्याची सुरुवात खेळण्याएवढ्या बोटीपासून आणि समुद्रापासून दूरच झाली. फ्रान्सिस पेटिट स्मिथ हा लंडनजवळच्या हेंडन येथील शेतकरी. त्याने स्प्रिंगवर चालणारी लहान नौका करून, तिला लाकडी स्क्रू बसवून ती आपल्या शेतावरच्या तळ्यात चालविली आणि मे १८३६ मध्ये पेटंट घेतले. पुढे त्याने सहा टनांची नौका बांधून पॅडिंग्टनच्या कालव्यात तिच्या चाचण्या घेतल्या. तिचा स्क्रू पूर्ण दोन वेढ्यांचा, लाकडी होता. १८३७ साली एका आघाताने त्याचा निम्मा भाग तुटून पडला. नौका मंदावण्याऐवजी अधिक वेगाने चालू लागली! लांबलचक वेढ्यांपेक्षा आखूड पाती अधिक उपयोगी, हे अशा रीतीने अपघाताने उमगले. ‘आर्किमिडीज’ हे मोठे स्क्रू-जहाज १८३८ मध्ये पाण्यात उतरले. पुढे वाफेची जहाजे मोठी होत गेली, तसे पंखा फिरविणाऱ्या शाफ्टखालचे धातूचे बेअरिंग झिजण्याचे दुखणे वाढले. त्यावर जॉन पेन याने १८५४ मध्ये लिग्नम व्हायटी या अतिशय कठीण व स्वभावतःच तेलकट लाकडाच्या पट्ट्यांचा उपाय पेटंट केला. त्या पट्ट्यांना वंगण म्हणून समुद्राचे पाणीच चालत असे. पाणी अडविण्याऐवजी त्याला ठरावीक मर्यादेपर्यंत आत घेणे, ही त्या उपायातील युक्ती होती. प्रतिकृतीतही शहाणपणाचा मार्ग तोच आहे.

तो मार्ग असा. नळीचे बाहेरचे टोक पाण्याखाली असणारच. आतले टोक जर पाण्याच्या पातळीच्या वर ठेवता आले, तर नळीत शिरलेले पाणी त्या पातळीपर्यंत चढून थांबते आणि नौकेत सांडत नाही. मग बुश थोडासा सैल असला तरी चालते. हिशेब अगदी सोपा आहे. नळी २०० मिलिमीटर लांबीची आणि तिचे बाहेरचे टोक पाण्याखाली ३० मिलिमीटर आहे असे समजू. नळीचा उतार १० अंशांचा ठेवला तर आतले टोक बाहेरच्यापेक्षा सुमारे ३५ मिलिमीटर उंच राहते, म्हणजे पाण्याच्या ५ मिलिमीटर वर. उतार ८ अंशांचा केला तर उंची २८ मिलिमीटरच होते, आणि टोक २ मिलिमीटर पाण्याखाली जाते. दोन अंशांनी कोरडी नौका ओली होते.

मग उतार खुशाल वाढवावा, असे वाटेल. पण त्याची किंमत मोजावी लागते. शाफ्ट कलता असला की पंख्याचा जोर सरळ पुढे न लागता थोडा वरही लागतो. १० अंशांत पुढे ढकलणारा जोर दीड टक्क्यानेच घटतो, त्याची काळजी नको. परंतु एकूण जोराचा सुमारे सहावा हिस्सा पिछाडी उचलण्यात आणि नाळ पाण्यात दाबण्यात जातो. २० अंशांत हाच हिस्सा एकतृतीयांश होतो. जोरात निघालेली नौका नाकाने पाणी नांगरते ती बहुधा यामुळे, आणि दोष मात्र वजनाच्या मांडणीला दिला जातो. तेव्हा उतार वाढविण्यापेक्षा नळी लांब करणे बरे. ८ अंशांचीच नळी २५० मिलिमीटरांची केली की आतले टोक पुन्हा ५ मिलिमीटर वर येते.

लांब नळीचे स्वतःचे एक दुखणे आहे. सायकलचा स्पोक हा आपल्याकडच्या प्रतिकृतिकारांचा जुना मित्र. तो २ मिलिमीटर जाडीचा, बऱ्यापैकी सरळ, एका टोकाला आटे पाडलेला असा कोणत्याही सायकल-दुकानात मिळतो. शिवाय त्याचे पितळी निपल पंख्याच्या तुंब्यात डाख देऊन बसविले की पंखा आट्यांवर चढविता येतो. मात्र आटे दाबून पाडलेले असल्याने तेथील जाडी २ मिलिमीटरपेक्षा थोडी अधिक भरते. म्हणून बुश नेहमी दुसऱ्या बाजूने, स्पोकचे वाकडे डोके कापून ओवावे लागतात. असा स्पोक २५० मिलिमीटर अंतरावरच्या दोन बुशांमध्ये फिरविला तर मिनिटाला सुमारे ३८०० फेऱ्यांच्या आसपास तो मधोमध दोरीवरच्या उडीसारखा फुगू लागतो. लहान मोटारी याच्या दुप्पट-तिप्पट वेगाने फिरतात. ४ मिलिमीटर जाडीचा पोलादी दांडा घेतला तर ही मर्यादा दुप्पट होते. मध्ये एक बुश घालून अंतर निम्मे केले तर ती चौपट होते. पण तिसरा बुश म्हणजे तिसरे बिंदुस्थान, आणि तीन बिंदू एका रेषेत आणणे हे दोन बिंदूंपेक्षा निराळेच काम आहे. दोन बिंदू कसेही ठेवले तरी त्यांतून रेषा जातेच. म्हणून मधला बुश थोडा सैल ठेवावा. त्याने शाफ्ट धरावयाचा नसतो, फुगण्यापासून आवरावयाचा असतो.

बुश पितळेचे किंवा ब्राँझचे असावेत. भिलाईचा पोलाद कारखाना येथून सुमारे तीस किलोमीटरांवर आहे आणि त्याच्या आसऱ्याने या पट्ट्यात लेथवर काम करणारे कसबी टर्नर पुष्कळ आहेत. विशाखापट्टणम् किंवा मुंबईच्या दुकानांवर अवलंबून राहण्याचे कारण नाही. टर्नरला एवढेच सांगावे की भोक आणि बाहेरची गोलाई एकाच पकडीत, काम न काढता कापावी. दोन पकडींत कापलेल्या बुशाचे भोक केंद्रावर राहीलच याची खात्री नसते, आणि ही चूक पुढे कितीही काळजी घेतली तरी निघत नाही.

आता मुख्य गोष्ट. पुष्कळ जण आधी नळी चिकटवितात, मग मोटारीसाठी लाकडी ठोकळा कापतात आणि दोन्हींमध्ये जो फरक उरतो तो कपलिंगच्या माथी मारतात. क्रम नेमका उलटा हवा. नळीसाठी तळाला पाडावयाचे भोक गोल न ठेवता लांबट, फटीसारखे ठेवावे, म्हणजे नळी वरखाली हलविता येते. मोटारीचा दांडा आणि शाफ्ट यांना जोडणारा एक ताठ, सरळ तुकडा टर्नरकडून करून घ्यावा. त्याच्या एका बाजूला मोटारीच्या दांड्याच्या मापाचे भोक, दुसऱ्या बाजूला शाफ्टच्या मापाचे. या खोट्या कपलिंगने मोटार, शाफ्ट आणि नळी यांचा एकच अखंड दांडा बनतो. तो दांडा जसाच्या तसा नौकेत ठेवावा, पंखा तळापासून पुरेसा सुटा राहतो ना ते पाहावे, आणि मग नळीभोवती व मोटारीच्या ठोकळ्याखाली अराल्डाइटचे दोन-तीन थेंब लावून सोडून द्यावे. थेंब वाळल्यावर बोटाने शाफ्ट फिरवून पाहावा. संपूर्ण फेरीत कोठेही अडखळ लागली नाही, तरच उरलेली फट भरावी. नळीचे पितळ आधी पॉलिश-कागदाने खरवडलेले हवे. गुळगुळीत पितळाला कोणतेच चिकटण फार दिवस धरीत नाही. सर्व घट्ट झाल्यानंतर ताठ तुकडा काढून त्या जागी लवचीक कपलिंग बसवावे.

यावर एक शंका नेहमी निघते. कपलिंग जर लवचीकच आहे, तर इतक्या काटेकोर रेषेची गरज काय? लवचीक कपलिंग चूक झाकते, पण नाहीशी करीत नाही. मोटारीचा दांडा शाफ्टपेक्षा एकच मिलिमीटर वर असला आणि कपलिंगची लांबी २० मिलिमीटर असली तर जोडाला जवळजवळ ३ अंशांचा वाक पडतो. तो वाक प्रत्येक फेरीत सोसावा लागतो. मिनिटाला आठ हजार फेऱ्या असतील तर आठ हजार वेळा. लहान मोटारीसाठी सायकलच्या व्हॉल्वची रबरी नळी, ज्याला सारे जण वॉलट्यूब म्हणतात, ती कपलिंग म्हणून छान काम देते. पण वाकात फिरविली तर ती तापते, मऊ होते आणि ऐन वेळी पिळवटून सुटते. धातूच्या युनिव्हर्सल जोडाचे आणखी एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवण्याजोगे आहे. सतराव्या शतकात रॉबर्ट हूकने ज्याचे विवरण केले त्या या जोडातून वाकाच्या स्थितीत एकसारखी गती जात नाही. मोटार कितीही एकसंथ फिरली तरी शाफ्ट एका फेरीत दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. १५ अंशांच्या वाकात हा चढउतार दोन्ही बाजूंना साडेतीन टक्क्यांच्या घरात असतो. तीच ती घरघर. वाक टाळणे अशक्यच असेल तर दोन जोड वापरावेत आणि वाक दोघांत सारखा वाटून द्यावा. म्हणजे एकाची चूक दुसरा फेडतो.

मोठ्या गोदींत शाफ्टची रेषा साधण्याचे काम रात्री किंवा सूर्योदयापूर्वी करण्याची प्रथा आहे. दिवसा एका कुशीवर ऊन पडले की पोलादी जहाजही काही मिलिमीटर वाकते. हजारो टनांचे जहाज जर उन्हाने वाकते, तर तीन मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडची कथा काय? रायपूरचा मे महिना ४४-४५ अंशांचा असतो. गच्चीवर नौका वाळत घालून नळी चिकटवू नये, हे सांगावयास नकोच. पण त्या दिवसांत खोलीतदेखील अराल्डाइट फार लवकर घट्ट होते, आणि रेषा पाहून होण्याआधीच हातातील मिश्रण दगड होऊन बसते. थोडे थोडे कालवावे आणि सकाळच्या पहिल्या प्रहरी काम करावे.

पंख्याचा जोर कोणी सोसावयाचा, हा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. पंखा पाणी मागे ढकलतो म्हणजे शाफ्टला पुढे, नौकेच्या आत दाबतो. हा दाब मोटारीपर्यंत जाऊ दिला तर तिचे नाजूक बेअरिंग तो सोसते, काही दिवसच. तो दाब नळीच्या बाहेरच्या बुशावरच थांबला पाहिजे. पंखा किंवा त्यामागचा नट आणि बुश यांच्यामध्ये एक वॉशर घालावा. नौका मागे घेताना हाच दाब उलटतो आणि शाफ्टला बाहेर खेचतो. त्यासाठी आतल्या टोकाला एक कॉलर हवी. दोन्हींमध्ये मिळून पाव ते अर्धा मिलिमीटर मोकळीक ठेवावी. मोकळीक मुळीच नसली तर शाफ्ट आवळला जातो.

येथेच आट्यांची एक खोच आहे. नेहमीचे आटे उजवे असतात. पिछाडीकडून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरणारा पंखा अशा आट्यांवर पाण्याच्या विरोधाने सैल होत जातो. उलट दिशेने फिरणारा मात्र पुढे जाताना घट्ट आणि मागे जाताना सैल होतो. म्हणजे कोणताही घेतला तरी दुसरा नट लावून आवळणे भाग आहे. तलावाच्या तळाच्या गाळात असे किती पितळी पंखे पडले असतील, याची गणती कोणी केलेली नाही.

पंखा मोठा लावला की नौका वेगाने जाईल, हा समज मुलांत फार दृढ आहे. पंखा त्याच घडणीचा आणि फेऱ्या त्याच ठेवावयाच्या तर त्याला लागणारी शक्ती व्यासाच्या पाचव्या घाताने वाढते. ३० मिलिमीटरच्या जागी ३६ मिलिमीटरचा पंखा लावला, म्हणजे व्यास पाचव्या हिश्श्यानेच वाढला, तरी मोटारीला जवळजवळ अडीचपट शक्ती द्यावी लागेल. तेवढी तिच्यात नसते. ती मंद होते, तापते, बॅटरी लवकर उतरते आणि वेग कधी कधी पहिल्याहून कमी भरतो. शिवाय वेगाचा मोहही थोडा आवरावा. विल्यम फ्राउडच्या नियमाने प्रतिकृतीचा योग्य वेग मूळ जहाजाच्या वेगाला प्रमाणाच्या वर्गमुळाने भागून मिळतो. ३० नॉट वेगाच्या युद्धनौकेची शंभरांश प्रतिकृती ३ नॉटने, म्हणजे झपझप चालणाऱ्या माणसाच्या चालीने गेली की तिच्या लाटा खऱ्या जहाजासारख्या दिसतात. त्याहून वेगाने पळणारी युद्धनौका स्पीडबोटीसारखी दिसते, आणि जाणकाराला ते लगेच खटकते.

चाचणी पाण्याआधी टेबलावर घ्यावी. मोटार एकटी चालवून अँपिअर-मीटरवर वीज मोजावी. मग कपलिंग आणि शाफ्ट जोडून, पंखा न लावता पुन्हा मोजावी. मोटार एकटी अर्धा अँपिअर घेत असेल आणि शाफ्टसह थोडीशीच अधिक घेत असेल, तर रेषा साधली आहे. आकडा दुपटीवर गेला तर दोष आहेच, मग शाफ्ट हाताला कितीही हलका लागो. अशा वेळी ग्रीस भरून भागविण्याचा मोह होतो. ग्रीस पाण्याला अडविते आणि झीज कमी करते, पण वाकड्याला सरळ करीत नाही. उलट घट्ट ग्रीस स्वतःच लहान मोटारीचा दम खाते. नळी उकरून काढणे हा उपाय जिवावर येतो. दोन महिन्यांचा रंग खरवडावा लागतो. तरीही तो टेबलावर सुचलेला बरा. स्पर्धेच्या पाण्यावर दुसरी संधी मिळत नाही.

जुन्या तलावांत आणखी एक शत्रू असतो. जलपर्णीची मुळे आणि शेवाळाचे तंतू पंखा व नळीचे तोंड यांच्यामधल्या फटीत शिरून शाफ्टभोवती सुतासारखे गुंडाळले जातात. ही फट एक-दोन मिलिमीटरांहून अधिक नसावी, आणि कण्यापासून सुकाणूच्या खालच्या टोकापर्यंत एक पितळी पट्टी द्यावी, म्हणजे बरेचसे तंतू पंख्याखालून सरकून जातात. प्रत्येक फेरीनंतर नौका उचलून पंख्यामागे नखाने चाचपावे. गुंता दिसला तर ओढू नये, पंखा उलटा फिरवून सोडवावा. तंतू ओढला की तो बुशात शिरतो. घरी आल्यावर शाफ्ट पूर्ण बाहेर काढून पुसावा, नळीतून तेलाचा बोळा फिरवावा आणि स्पोक साध्या लोखंडी तारेचा असेल तर त्यावरचे तांबूस डाग पाहावेत. डाग बुशाच्या जागी आढळले तर तो स्पोक बदलावा. म्हणून स्पर्धेला निघताना पेटीत दोन कापून ठेवलेले स्पोक, वितभर वॉलट्यूब, दोन नट आणि ते ताठ खोटे कपलिंग बरोबर असावे. मोटार ऐन वेळी बदलावी लागली तर नवी मोटार रेषेत आणण्यास दुसरे काही उपयोगी पडत नाही.